कुणी राहिलंय का?

करंजोशीच्या भैरोबाच्या जत्रेत जेवायला थांबलात, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथे मान जेवढा मोठा, तेवढा जेवायचा नंबर मागे. आधी बसतात लाकडे फोडणारे, पाणी भरणारे, पालखीचे भोई. पाटील, सरपंच वाढायला उभे. एकदा एक आमदार ताटकळून कावले, तेव्हा गावाने त्यांच्या हातात वरणाची बादली दिली. शेवटची पंगत बसण्याआधी त्या वर्षीचा मानकरी वेशीवर जातो आणि रस्त्याकडे तोंड करून हाळी देतो, "कुणी राहिलंय का?" ही रीत हिंदुरावांमुळे पडली, असे देवळातले गुरव सांगतात.

हिंदुराव मोरे गावातले पहिले फौजी अधिकारी, लेफ्टनंट. पासष्टच्या लढाईत पडले, तेव्हा घरात नुकती मुली बघायला सुरुवात झाली होती. तार आली त्या दिवशी त्यांच्या आईने, अंजीराबाईंनी, एवढेच विचारले म्हणे, की पोरगं जेवून गेलं का उपाशी? उत्तर कुणाजवळ नव्हते. ते कळेपर्यंत चुलीवरचे अन्न खाणार नाही, अशी शपथ त्यांनी भैरोबापुढे घेतली. वर्ष दूध आणि फळांवर काढले. वर्षश्राद्धापर्यंत त्यांना भिंत धरून चालावे लागत होते.

नेमका वर्षश्राद्धाच्या दिवशीच हिंदुरावांच्या तुकडीतला नाईक सिदू खरात सुट्टीवर माणदेशाकडे जाता जाता गावात उतरला. हिंदुरावांचे वडील रावजीआण्णा वेशीवरच त्याला भेटले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"ती इचारंल. जेवून गेला म्हणून सांगा. दुसरं काय सांगितलंत, तर ती आता जगत न्हाई."

सिदूने मान हलवली. एका खोट्याने बाईचा जीव वाचत असेल तर देव रागावणार नाही, असे त्याला वाटले.

अंगणात पंगत बसली होती. पाने वाढून झाली होती, पण अंजीराबाईंनी सांगितल्याशिवाय कुणी अन्नाला हात लावेना. भाताची वाफ विरून गेली. सिदू त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"माझा हिंदू शेवटाला जेवला हुता का?"

"जेवलं हुतं सायेब," सिदू म्हणाला.

रावजीआण्णांचा जीव भांड्यात पडला. पण बाई सिदूकडे बघतच राहिल्या.

"आन तुमी? तुमी जेवला हुता?"

त्या दिवशी सिदू उपाशी होता. नाही म्हणावे, तर जवानांना उपाशी ठेवून साहेब जेवले असे साऱ्या गावाला वाटणार. हो म्हणावे, तर साहेबांनी जे केले ते आपल्याच तोंडाने पुसून टाकल्यासारखे होणार. तो बाईंच्या पायाशी बसला.

"खोटं बोललो, आई. सायेब उपाशीच गेलं. आमचं जवान जेवल्याबिगर त्यांनी कदी घास घेतला न्हाई. त्या दिशी पुढल्या खंदकात मी आन आणखी एक जवान, आमी दोघंच बिनजेवणाचं राहिलो हुतो. ताट झाकून सायेब आमची वाट बघत हुतं. तोफा सुरू झाल्या, तशी कुणी राहिलंय का म्हणत आमाला न्यायला आलं. आमाला आडोशाला ढकललं आन सवता भाईरच राहिलं. माझ्या जेवणापायी गेलं, आई."

रावजीआण्णांनी डोळे मिटले. आता बाई या पोराला शाप देणार, नाहीतर कायमचे अन्न सोडणार, याबद्दल कुणालाच शंका उरली नव्हती.

अंजीराबाई खांब धरून उठल्या. त्यांनी आपले पान सिदूपुढे ठेवले आणि त्यावर ऊन ऊन भात वाढला.

"मग तू आदी जेव, बाबा. त्यो अजून थांबलाय."

सिदू रडत रडत जेवला. मग बाईंनी गड्यांना, पाणक्यांना बसवले. ते पाहून गावचे मानकरी पानावरून उठले आणि वाढू लागले. सगळ्यांचे झाल्यावर अंजीराबाई सिदूच्या खांद्यावर हात ठेवून वेशीपर्यंत गेल्या, लेकाची हाळी त्यांनी स्वतः दिली, आणि परत येऊन वर्षानंतरचा पहिला घास घेतला. भात पार निवला होता म्हणे, पण त्यांनी पानावर शीत ठेवले नाही. शपथ भैरोबापुढे घेतलेली, म्हणून पुढच्या जत्रेपासून गावाने तीच रीत देवाच्या पंगतीला लावली.

आजही वेशीवर हाळी देऊन मानकरी थोडा वेळ तिथेच थांबतो. कुणी वाटसरू दिसला तर त्याला आणून आधी बसवतात. एखाद्या वर्षी अन्न सरते आणि मानकऱ्याला उपाशी घरी जावे लागते. मग वर्षभर गाव त्याला त्याच्या नावाने हाक मारत नाही, हिंदुराव म्हणते.