वजूखान्याजवळचे दार

एकदा एक तरुण वास्तुकार आपणच बांधलेल्या दारापाशी अडखळला, त्याची ही हकिकत.

खाडीकाठच्या एका गावात जुन्या मशिदीचा जीर्णोद्धार झाला. काम झुबेर नावाच्या तरुणाने केले. मुर्तुझासाहेब हे त्याचे उस्ताद. आयुष्यभर त्यांनी मशिदी बांधल्या होत्या आणि आता थकल्यामुळे ते केवळ शिकवत. झुबेरने सारे मनापासून केले. पण त्याचे विशेष प्रेम जडले ते अंगणातल्या एका खोलीवर. ती बैतुलमालची खोली, म्हणजे जमातीच्या सामाईक निधीची. तिथून अडल्यानडल्याला बिनव्याजी कर्ज मिळे. तिला त्याने तीन रुंद पायऱ्या केल्या, वर कमान घेतली आणि कोरीव सागवानी दार बसवले. दार लाकडाचे व्यापारी इलियासशेठ यांनी दिले होते. चौकटीवर त्यांच्या मरहूम वडिलांचे नाव होते.

साऱ्यांनी वाखाणणी केली. उस्ताद एवढेच म्हणाले, "दार देखणं आहे."

झुबेरला ते वाक्य बोचत राहिले. पुढे त्याहून बोचणारी गोष्ट घडली. पूर्वी निधीतून कर्ज मागायला लोक येत, ते हळूहळू येईनासे झाले. जमातीचे कारभारी खुशीत होते. गावात गरजू उरले नाहीत, असे त्यांनी ठरवून टाकले. आणि एके दिवशी बातमी आली की नुरुद्दीन आपली मासेमारीची होडी विकतो आहे. इंजिन बंद पडले होते, दुरुस्तीला पैसा नव्हता, आणि सावकाराचे व्याज त्याला घ्यायचे नव्हते.

उस्तादांनी झुबेरला विचारले, "निधी असताना हा होडी का विकतोय?"

"मानी माणूस आहे. मागणार नाही."

"या जुम्म्याला नमाज झाली की तू जा आणि कर्ज माग."

"मी? मला कशाला कर्ज?"

"नको असू दे. तरी माग."

झुबेरला काही उमगेना. तो उस्तादांच्या शब्दाबाहेर नव्हता, परंतु त्याचे कामात लक्ष लागेना. ही थट्टा आहे की शिक्षा, हेच त्याला ठरवता येईना.

शुक्रवारी नमाज संपली. अंगणात माणसे घोळक्याने उभी होती. झुबेर खोलीकडे निघाला आणि पहिल्याच पायरीशी त्याला हाक ऐकू आली.

"काय रे झुबेर, तुझ्यावरही वेळ आली का?" इलियासशेठ मायेने विचारत होते. "जा, जा. लाजू नकोस. आपलीच माणसं आहेत."

बोलणी थांबली. माना वळल्या. झुबेरचा पाय उचलेना. ज्या पायऱ्या त्याने स्वतः आखल्या होत्या, त्या त्याला चढवेनात. चप्पल सारखी केल्यासारखे करून तो वळला आणि फाटकाबाहेर पडला. दुपारभर तो धक्क्यावर येरझारा घालत होता.

संध्याकाळी तो उस्तादांकडे गेला तो संतापलेलाच. "तुम्ही मला चारचौघांत उघडं पाडलंत!"

"मी नाही, बेटा. तुझ्या दाराने."



उस्ताद सावकाश बोलू लागले. "आत नमाजाची सफ कशी असते? होडीचा मालक आणि खलाशी खांद्याला खांदा लावून उभे राहतात. कोणाची जागा राखीव नाही, कोणी उंचावर नाही. ती एक रांग नीट उभी राहावी म्हणून आपण भिंती आणि छप्पर बांधतो. तू आत ती सांभाळलीस आणि अंगणात मात्र मागणाऱ्यासाठी चौथरा बांधलास. व्याज घेतलं नाही म्हणजे निधी पाक झाला, असं नाही. घेणाऱ्याची मान खाली गेली, तर आपण त्याच्याकडून काहीतरी वसूल केलंच."

दुसऱ्या दिवशी झुबेरने कोरीव दार उतरवले आणि ती जागा चिऱ्यांनी बुजवली. खोलीला मागच्या बाजूने, वजूखान्याकडे जाणाऱ्या बोळात, साधे बुटके दार काढले. नमाजाआधी हातपाय धुवायला प्रत्येकाला त्या बोळातून जावेच लागे. देणाराही तिथूनच, घेणाराही तिथूनच.

इलियासशेठ तणतणत आले. "माझ्या वालिदांच्या नावाचं दार आहे ते! कोणाला विचारून काढलंस?"

 उस्ताद जवळच होते, पण उत्तर त्यांनी झुबेरवरच सोडले.

"शेठ, चूक माझी आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "पण शुक्रवारी तुम्ही मला मायेने हाक मारलीत ना? तिच्यामुळे मला पायरी चढवली नाही. मला तर पैसेही नको होते. ज्याला हवे असतील, त्याचं काय होत असेल?"

"मी तर धीर द्यायला…" शेठ म्हणाले आणि थांबले. त्यांची नजर बुजवलेल्या भिंतीकडे गेली. शेवटी गाडी मागवून ते दार घरी घेऊन गेले. त्यांची समजूत पटली की नाही, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

दिवस गेले. नुरुद्दीनची होडी विकली गेली नाही. एका सकाळी ती इंजिनाचा आवाज करत खाडीबाहेर गेली, एवढे गावाने पाहिले.

झुबेरला चैन पडेना. त्याने उस्तादांना गाठले. "नुरुद्दीनला पैसे निधीतूनच मिळाले ना?"

"त्या बोळातून तो गेला, मी गेलो, इलियासशेठही गेले. आत कोण काय करून आलं, ते मला ठाऊक नाही."

"नाव नका सांगू, उस्ताद. माझं दार कामाला आलं का, तेवढंच कळू द्या."

"तुला कळत नाहीये," उस्ताद म्हणाले, "म्हणजे आलं."

अजान झाली. झुबेर सफेत जाऊन उभा राहिला. त्याच्या मनातला प्रश्न अजून निवळला नव्हता. इतक्यात कोणीतरी बोळाकडून येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. वजूच्या पाण्याने ओला असलेला त्याचा हात झुबेरच्या हाताला लागला.

झुबेरने मान वळवून पाहिले नाही. थोडे सरकून त्याला जागा करून दिली.