साळूने विचारलेला प्रश्न

फार जुन्या काळची गोष्ट. मुलांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात साळू नावाची मुलगी राहायची. तिला आई नव्हती. घरात बाप आणि आत्या. बाप बांबूच्या टोपल्या विणायचा. एका हिवाळ्यात साळूने हट्ट धरला, "बाबा, मला पलीकडच्या रानातली बोरं हवीत." बाप गार पाण्यातून नदी ओलांडून गेला आणि बोरं घेऊन आला. त्याच आठवड्यात त्याने अंथरूण धरलं.

ताप उतरेना. खोकला तर असा, की कूस बदलतानाही बाप कण्हायचा. साळू आली की आत्या आणि शेजारणी बोलता बोलता गप्प व्हायच्या.

"बाबाला काय झालंय?"

"काही नाही गं. जा, खेळ जा," आत्या म्हणायची आणि पदराने डोळे पुसायची.

काही नाही, तर आत्या रडते का? साळू एकटीच विचार करत राहायची. शेवटी तिने मनाशी ठरवूनच टाकलं, हे आपल्यामुळे झालं. आपण जवळ गेलो तर आणखी काही वाईट होईल. ती बापाच्या दारापर्यंत जायची, खोकला ऐकायची आणि मागे फिरायची.

एके सकाळी म्हातारी वैदीण काढा देऊन निघाली. साळू तिच्यामागे धावली.

"आजी, मी बोरं मागितली म्हणून बाबा आजारी पडला ना?"

वैदीण वाटेतच खाली बसली. "नाही गं पोरी. हे दुखणं त्याच्या छातीत कधीचं आहे. तुझ्या बोरांनी आलेलं नाही."

"मग तो बरा होईल?"

"ते मला सांगता येत नाही. औषध देणं तेवढं माझ्या हाती."

साळू तडक घरी आली आणि बापाच्या खोलीत शिरली. किती वाळला होता तो! त्याने डोळे उघडले.

"आलीस? मला वाटलं, रुसलीस माझ्यावर."

साळूला हुंदका फुटला. "बाबा, तू मरणार का?"

बापाने तिचे डोळे पुसले. मग म्हणाला, "माहीत नाही, बाळ. मलाही भीती वाटते. पण तू दाराशी येऊन परत जायचीस ना, तेव्हा जास्त वाटायची."

साळू त्याच्या कुशीत शिरली. आत्याने हे ऐकलं आणि तीही आत येऊन बसली. त्या दिवशी तिघंही एकमेकांसमोर मोकळेपणाने रडली.

होळीपर्यंत बाप उठून बसू लागला, पण दुखणं गेलं नाही. कधी दिवस बरा जायचा, कधी वाईट. वाईट दिवशी साळूचा जीव अजूनही घाबरायचा. पण ती त्याचा हात धरून विचारायची, "आज कसं वाटतंय?" आणि बाप तिला खरं ते सांगायचा.

तात्पर्य: घरातलं दुखणं मुलांपासून लपवलं, तर ती त्याहून मोठी भीती एकटीच सोसत राहतात.