सात मंत्री आणि अकरा दात

"येत्या पौर्णिमेपासून रत्नमाळ नगरीत, चावताना कुडुम असा आवाज होईल अशी एकही वस्तू कोणी विकायची नाही, कोणी खायची नाही होऽऽ!"

दवंडी ऐकून गाव चाट पडलं. झालं होतं असं, की मकरंदसेन राजाच्या वाढदिवसाला प्रधान त्र्यंबकपंतांनी हौसेने फुटाण्यांचा बकाणा भरला आणि त्यांचा पुढचा दात तुटला. राजाचे मंत्री सात. सगळ्यांत धाकटा एकाहत्तरचा! सातांत मिळून दात अकरा, तेही हलणारे. कडक खाणं प्रजेच्या जिवाला घातक आहे, असं सातांनी एकमताने ठरवलं आणि राजाने शिक्का मारून दिला.

चकल्या जाणार, ऊस जाणार, खारे दाणे जाणार! पोरंसोरं हिरमुसली. पण खरी कुऱ्हाड कोसळली ती सटवाजी भडभुंज्यावर. त्याच्या आजाने पेटवलेली भट्टी, ती आता बंद करायची! बिचारा कढईतली वाळू नुसती ढवळत बसला, दोन दिवस धड जेवलाही नाही. त्याची सोळा वर्षांची लेक भिवरा, तिला काही ते बघवेना. तिने हातातला झारा टाकला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, हे फर्मान काढताना दात असलेल्या एखाद्या माणसाला विचारलं होतंत का?"

त्र्यंबकपंतांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कालची पोर तू! राज्याच्या कारभारात तुझं काय काम?"

"चावायचं आम्ही आणि ठरवायचं तुम्ही? हा कुठला न्याय, पंत?"

राजा तसा वाईट नव्हता, पण हट्टी! एकदा शिक्का मारला की राणीसाहेबांचंही ऐकायचा नाही. तो म्हणाला, "पोरी, इथे अनुभवाला मान आहे. दात जाणं म्हणजे काय, हे या सातांनी सोसलंय. तू सोसलंयस? मग असं कर. दात जाण्याचं दुःख ज्यांना यांच्याइतकंच ठाऊक आहे, पण ज्यांना अजून पंचविशी लागलेली नाही, अशी सात माणसं उद्या घेऊन ये. आणलीस, तर त्यांचं ऐकेन. नाही आणलीस, तर पौर्णिमेचीही वाट बघणार नाही. उद्याच तुमच्या भट्टीत पाणी ओततो!"

सातही मंत्री खुदूखुदू हसले.

"सातच ना, महाराज? आणते की!"

घरी सटवाजीने कपाळावर हात मारला. "अगं, एवढ्या लहान वयाची, बोळक्या तोंडाची माणसं आणणार कुठून? दात पाडणार आहेस का कुणाचे?"

"मी कशाला पाडू, आबा? आपोआप पडतात ते!"

दुसऱ्या दिवशी भिवरा दरबारात शिरली, तिच्यामागे सहा-सात वर्षांची सात चिल्लीपिल्ली. ती ओळीने उभी राहिली आणि राजाकडे बघून एकदम हसली. एकजात सगळ्यांच्या पुढे खिंडारं!

"ही काय थट्टा?" पंत उसळले.

"थट्टा कशाची? पंत, तुमचा दात पडून महिना होत आला. या गोदीचा आज सकाळी पडलाय. ताजं दुःख कोणाचं, तुम्हीच सांगा!"

गोदीने मूठ उघडून दात दाखवला. राजा सिंहासनावरून उठून, वाकून वाकून तो बघू लागला.

"काय गं, दात पडला, आता फुटाणे बंद करायचे ना?" त्याने विचारलं.

"का म्हणून? मी दाढेने खाते!" आणि गोदीने ओच्यातून मूठभर फुटाणे काढून भर दरबारात सुरुवातच केली. कुडुम, कुडुम, कुडुम!

पंतांना राहवेना. "महाराज, यांचं काय घेऊन बसलात? यांचे दात परत येतील! आमचे आता कुठले यायला?"

"हेच तर मला म्हणायचं होतं, पंत!" भिवराने शब्द खाली पडू दिला नाही. "ज्यांचे दात अजून यायचेत, त्यांनी जन्मभर काय चावायचं, हे ज्यांचे आता येणारच नाहीत त्यांनी एकट्यांनीच ठरवायचं होय?"

राजाला जे हसू फुटलं, ते थांबेचना. मुकुट कानावर आला, डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी पंतही तोंडावर उपरणं धरून हसू लागले.

"फाडा ते फर्मान!" राजा धापा टाकत म्हणाला. "आणि यापुढे तरुणांच्या ताटाला, शाळेला, कामाधंद्याला हात लावणारा एकही कायदा त्यांना मसलतीत बसवल्याशिवाय निघायचा नाही. सात आसनं जुनी, सात नवी. पहिलं भिवराचं!" मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्याने तिच्या हाती दिलं.

"आणि आमच्या तोंडाचं काय?" पंतांनी हळूच विचारलं.

भिवरा नव्या आसनावर ऐटीत बसली. "माझा पहिला ठराव! सातही मंत्र्यांना आमच्या भट्टीतून रोज फुटाण्यांचं पीठ, गूळ-तूप कालवून, फुकट!"

"मंजूर!" सातही म्हातारे एका सुरात ओरडले, राजाने विचारायच्या आत!