कोंबड्याच्या बदली माणूस

फणसाखाली दुपार पेंगत होती. येसूच्या कोंबड्या धुळीत पंख पसरून, डोळे मिटून पडल्या होत्या. कोंबडा तेवढा मान तिरकी करून आभाळातल्या घारीवर नजर ठेवून होता. तेवढ्यात गावचे खोत गड्याला घेऊन आले.

"येसू, हा काय अंडी देतो? फुकट कशाला पोसतेस? रात्री पाहुणे आहेत, रश्श्याला दे!"

"न्या की, धनी," येसू सावकाश म्हणाली. "फक्त बदली तुमच्या घरचा एक माणूस द्या. दाणा दिसला की आधी सगळ्यांना हाका मारणारा, आणि त्यांचं झाल्यावर मगच स्वतः खाणारा."

गड्याने भाबडेपणाने विचारलं, "धनी, कोणाला बोलावून आणू?"

खोतांनी भाऊ आठवला, जावई आठवला, शेवटी स्वतःला आठवलं.

"चल," ते म्हणाले, "पाहुण्यांना वांगी आवडतात."