फुल्वियसच्या घरातला वास

"हा माझ्या घराचा वास नव्हे, गुलामांचा आहे," फुल्वियस गरजला. "पाहुणे यायच्या आत तो गेला पाहिजे. सगळ्यांनी कामावर हजर राहायचं, पण वास मात्र कुणाचाही येता कामा नये!"

रोममधल्या त्या बड्या घरात सकाळपासून कुजकट वास सुटला होता. केशराचं पाणी शिंपडलं, गुलाबपाकळ्या पसरल्या, धूप जाळला. तरी फुल्वियस ज्या खोलीत जाई तिथे वास हजर. बिचाऱ्याने आजच नवाकोरा जांभळा झगा घातला होता आणि तो मिरवायचा सोडून नाक दाबून हिंडायची पाळी आली होती.

"आणि नाही गेला तर, मालक?" म्हाताऱ्या दामाने विचारलं. तो घरचा आचारी.

"तर उद्या तू गिरणीत जातं ओढशील. लसणाचे हात तुझेच."

गिरणीत गेलेला म्हातारा परत येत नसे. दामाने पोटच्या पोरीसारखी वाढवलेली मिर्टा पाहुण्यांना वाढायचं काम करी.  तिचं नाक तल्लख होतं आणि डोकं त्याहून.

संध्याकाळी वालेरियस आला. शहराचा मोठा अधिकारी, वयाने आणि पोटानेही थोर. उंबऱ्यातच त्याने नाक मुरडलं. "फुल्वियस, घरात काही मेलंय का?"

फुल्वियसचा चेहरा झग्याहून जांभळा झाला. मिर्टा पुढे झाली. "मालक, आपलं नाक उमद्या घराण्यातलं. डोळे बांधून आम्हा सगळ्यांना हुंगून पाहा. ज्याचा वास येईल त्याला गिरणीत धाडा, मग तो कुणीही असो."

"कुणीही असो! वालेरियस साक्षीला आहेत."

"झगा काढून ठेवू का? चाचपडताना आमचे हात लागायचे."

ही काळजी फुल्वियसला फार आवडली. त्याने झगा तिच्या हाती दिला आणि डोळे बांधून घेतले. रांगेत पहिला माळी होता. "माती." मग मोतद्दार. "घोडा." मग दामा. "लसूण, पण तो वास हा नव्हे." आणखी दोन पावलं टाकली आणि फुल्वियस ठसकून मागे सरला. "हाच तो! उचला या नालायकाला! याच्या सात पिढ्यांनी कधी अंघोळ केली नसेल!"

त्याने पट्टी सोडली. समोर त्याच्या आजोबांचा संगमरवरी पुतळा उभा होता आणि पुतळ्याच्या खांद्यावर तो जांभळा झगा.

वालेरियस हसता हसता आसनावर कोसळला. "अरे, समुद्रातल्या गोगलगायी कुजवून हा रंग काढतात! नवा झगा महिनाभर घाण मारतो. पण मुली, तुला हे ठाऊक होतं, तर सकाळीच का नाही बोललीस?"

मिर्टाने मान खाली घातली. "सकाळी झगा मालकांच्या अंगावर होता, सरकार. मालकांच्या अंगावर असतो तो सुगंध. पुतळ्यावर चढला तेव्हा कुठे त्याचा वास येऊ लागला."

वालेरियस असा हसला की त्याचा पट्टा तुटला. मोठा माणूस हसतोय म्हटल्यावर फुल्वियसलाही हसावं लागलं, आणि एकदा सुरू झाल्यावर ते त्याला थांबवता येईना. त्याच हसण्याच्या भरात, वालेरियसच्या साक्षीने, त्याने दामाला आणि मिर्टाला गुलामीतून मोकळं केलं. झगा अंगणात वाऱ्यावर टांगला गेला आणि त्या रात्री फुल्वियस साध्या पांढऱ्या कपड्यात, भरपूर लसूण घातलेलं जेवण पोटभर जेवला.