एका गाठीचा वैद्य

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात आजाऱ्याकडून वैद्याने काहीही घ्यायचे नाही, असा राजाचा हुकूम होता. वैद्याने आजारी तपासावा आणि निघताना त्याच्या दाराला दोरी बांधावी. साध्या दुखण्याला एक गाठ, विचारात पाडणाऱ्याला दोन, जिवावरच्या गुंत्याला तीन. गाठी पाहून राजाच्या कोठारातून वैद्याला धान्य मिळे.

डोंगराखालच्या गावात एक म्हातारा वैद्य होता. हाताला गुण, स्वभाव ताठ. तो प्रत्येक दाराला एकच गाठ मारी. लोक म्हणत, "देवमाणूस आहे." ते ऐकून त्याची मान आणखी ताठ होई.

कोठारवाला एकदा हसत म्हणाला, "वैद्यबुवा, तुमच्या गावाला नुसत्या शिंकाच येतात काय?"

"मी धान्याचा भुकेला नाही."

"मग धान्य नेऊ नका. गाठ मात्र खरी मारा. ती पाहणारा मी एकटा नाही."

कोठारवाल्याने आपल्याला शिकवावे, हे वैद्याला रुचले नाही. तो पाठ फिरवून निघून गेला.

पुढे एका मेंढपाळाच्या घरून बोलावणे आले. छातीत कळ, पायांना सूज, त्यात जुना दमा. एकाला औषध द्यावे तर दुसरे उसळे. वैद्य दुपारभर उशाशी बसला. एक काढा बंद केला, दुसरा निम्म्यावर आणला. मेंढपाळाला आराम पडला. वैद्याने दाराला दोरी बांधली आणि सवयीने एकच गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तो नातवाच्या बारशाला गेला. जाताना आपले गाव शेजारगावच्या वैदिणीवर सोपवले.

वैदीण आली. पाहते तो सगळ्या दारांना एकेक गाठ. आधी कुठे धावावे, ते तिला कळेना. ती वेशीपासून ओळीने निघाली. मेंढपाळाचे घर ओळीत शेवटी होते. ती पोचली तेव्हा तो बेशुद्ध पडला होता. तिने जीव वाचवला, पण त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला.

वैद्य परतला तो थेट तिथेच गेला. मेंढपाळाची बायको रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

ती म्हणाली, "बुवा, हात जड झालाय असं ते सकाळपासून म्हणत होते. मी दोरीकडे पाहिलं. एकच गाठ. म्हटलं, साधंच असेल. कोणाला हाक मारली नाही."

वैद्य दाराशी गेला आणि त्याने त्या दोरीला आणखी दोन गाठी मारल्या.

महिन्याभराने सरदाराच्या पायात काटा मोडला. वैद्याने तो काढला आणि दाराला एक गाठ मारली.

सरदार गुरगुरला, "आमच्या दाराला एकच?"

"दार मोठं आहे, सरदार. काटा लहान होता."

सरदाराने त्याला पुन्हा बोलावले नाही. वैद्याला त्याचे काही वाटले नाही. पण पुढे वैद्य परगावी गेला, की वैदीण दोऱ्या पाहूनच धावे, आणि तीन गाठींच्या घरी सगळ्यांत आधी पोचे.

केलेले काम वाढवून सांगणे जसे खोटे, तसेच ते कमी करून सांगणेही खोटेच.