माचिशीचं कूळ

पिंपळसोंड नावाच्या गावात लोणारे मास्तर राहत असत. शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. इंग्रजी शब्दांचं त्यांना भारी वेड. बाजाराच्या दिवशी ते ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसत. लोक भाजीच्या पिशव्या खाली ठेवून त्यांना शब्द विचारत. शब्द कुठल्या देशात जन्मला, वाटेत कोणाकोणाच्या घरी राहिला, इकडे कसा आला, सगळं मास्तर सांगत. गाव याला 'शब्दाचं कूळ काढणं' म्हणे. आजवर एकही माणूस उत्तराशिवाय परत गेला नव्हता. मास्तरांना याचा अभिमान होता. जरा जास्तच होता.

एका बाजाराच्या दिवशी पुतळाबाई किराणावालीची कावेरी ओट्यापाशी आली. दहावीतली पोर, जिभेला लगाम नाही. जिल्ह्याच्या गावी वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता, 'एका शब्दाची गोष्ट'.

"सर, मी 'मॅच' घेतलाय," ती म्हणाली. "मैदानावर मॅच, नजमाभाभींच्या दुकानात साडीला मॅचिंग, आणि लग्न ठरलं की बायका म्हणतात, मॅच झकास जमली. एकच शब्द, किती उंडारतो बघा!"

मास्तर खुलले. "अगं, या सगळ्यांचं मूळ एकच. जुन्या इंग्रजीत बरोबरीच्या सोबत्याला एक शब्द होता, त्यातून हा आला. बरोबरीचे दोन संघ भिडले, झाली मॅच. साडीच्या बरोबरीचा ब्लाउज मिळाला, झालं मॅचिंग. नवरा-नवरीचं तर सांगायलाच नको."

"आणि माचीस? तीही इंग्रजीतल्या मॅचवरूनच आली ना? मग आगीच्या काडीत कसली आलीय बरोबरी?"

मास्तर थबकले. हे त्यांना ठाऊक नव्हतं. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण भोवती अख्खा बाजार कान टवकारून उभा! इतक्या वर्षांत कधी न उच्चारलेले ते शब्द काही निघाले नाहीत, आणि भलतंच काहीतरी बाहेर पडलं.

"अगदी सोपं आहे," मास्तर म्हणाले. "काडी एकटी पेटते का? नाही. पेटीची कड एकटी पेटते का? नाही. दोघींची जोडी जमली की जाळ! बरोबरीची जोडी, म्हणून मॅच."

टाळ्या पडल्या. नजमाभाभी म्हणाल्या, "म्हणजे आमचे हे आणि मी खरी मॅच म्हणायची. जवळ आलो की भडका!" बाजार खदखदून हसला. मास्तरही हसले, पण त्यांचं हसू ओठांच्या खाली काही उतरलं नाही.

कावेरीने ती जोडी भाषणाच्या अगदी शेवटी ठेवली, हातवाऱ्यांसकट. दुकानात साखर तोलताना घोकली, अंगणात झाडता झाडता घोकली. मास्तरांच्या कानावर ते पडे आणि त्यांचा चहा बेचव होई. 'लोकांना पटलं ना? मग झालं,' असं ते स्वतःला बजावत. पण पटलेलं सगळंच खरं नसतं, हे जन्मभर मुलांना कोणी शिकवलं होतं? त्यांनीच.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी निम्मं गाव एसटी स्टँडवर जमलं. पुतळाबाईने लेकीच्या हातावर दही ठेवलं. मास्तर म्हणाले, "घाबरू नकोस हं."

"मी कशाला घाबरू?" कावेरी म्हणाली. "परीक्षकांनी शंका काढली तर सरळ सांगेन, आमच्या लोणारे सरांनी सांगितलंय. मग कोण काय बोलणार?"

आपलं रचलेलं आता आपल्याच नावावर खपणार, हे मास्तरांना उमगलं. कावेरीने गाडीच्या पायरीवर पाय ठेवला, तशी ते ओरडले, "थांब, कावेरी! ते माचिशीचं खोटं आहे."

"काय?"

"मी ते ओट्यावर बसल्या बसल्या रचलं. खरं काय ते मला माहीत नाही."

कावेरीचे डोळे भरून आले. "सर, भाषणाचा शेवटच तो आहे! आता मी काय बोलू?"

पुतळाबाई कडाडली, "मास्तर, पोरगी रात्रंदिवस घोकतेय. तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"तेव्हा लाज वाटली, पुतळाबाई. आज त्याच्या दुप्पट वाटतेय."

"ओ मास्तर," कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "कबुलीजबाब गाडीत द्या. गाडी सुटली!"

मास्तर होते तसे, घरातल्या चपलांवर, गाडीत चढले. कावेरीच्या शेजारी बसत म्हणाले, "जिल्ह्याच्या वाचनालयात मोठा शब्दकोश आहे. स्पर्धा दुपारी आहे. सापडलं तर सांगू. नाही सापडलं, तर नाही सापडलं म्हणून सांगू." कावेरी अर्धी वाट खिडकीबाहेर बघत राहिली. मग हळूच तिने डब्यातला एक लाडू त्यांच्यापुढे धरला.

वाचनालयात दोघांनी तो जाडजूड कोश उघडला आणि दोघं चकित झाले. 'मॅच' तिथे दोनदा होता! एक बरोबरीच्या सोबत्याचा, मास्तरांच्या ओळखीचा. दुसरा पार वेगळा. तो आला होता फ्रेंचमधल्या दिव्याच्या वातीवरून. पूर्वी तोफ डागायच्या पेटत्या दोरीलाही तेच नाव होतं, पुढे ते काडीला मिळालं.

"सर, हे तर सख्खे नाहीतच!" कावेरी ओरडली. "नाव तेच, आईबाप वेगळे! आमच्या वर्गात दोन सुनीता आहेत, तसं!"

मास्तर इतके मोठ्याने हसले की ग्रंथपालांनी चष्म्यावरून डोळे वटारले. रचलेल्या गोष्टीपेक्षा खरी गोष्ट कितीतरी गोड निघाली होती. आणि आपण ती झाकून ठेवायला निघालो होतो!

कावेरी दुपारी झोकात बोलली. शेवटी म्हणाली, "यातलं अर्धं आज सकाळपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं. माझे सर भर स्टँडवर 'माहीत नाही' म्हणाले, म्हणून ते सापडलं." मागच्या रांगेत मास्तर आपल्या चपलांकडे बघत राहिले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कावेरीचा दुसरा नंबर आला. पहिला आला 'शिस्त' या शब्दावर बोलणाऱ्या मुलाचा. वेळ संपल्याची घंटा वाजून गेली तरी तो बोलतच होता.

संध्याकाळी गाडी गावात शिरली, तेव्हा मास्तरांना धास्ती वाटत होती. गाव आता काय म्हणेल? ते उतरत असताना कंडक्टरने विचारलं, "मास्तर, 'तिकीट' शब्द कुठून आला हो?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. कसं सहज निघालं! "उद्या शोधतो. तुम्हीही शोधा."

खाली पुतळाबाई उभी होती. कावेरीने धावत जाऊन तिला सगळं एका दमात सांगितलं. पुतळाबाईने ऐकून घेतलं, आणि मास्तरांकडे वळून म्हणाली, "मास्तर, आजवर तुमचं सगळं खरं मानायचो ते सवयीनं. आता विश्वासानं मानू."

तात्पर्य: रचून दिलेलं उत्तर शोधाची वाट बंद करतं. ठाऊक नसेल तर तसं मोकळेपणानं सांगावं, आणि लागलीच शोधायला निघावं.